नॅनो सिलिका: ‘निरोगी पेशी सुरक्षित’ या वाक्यात काय काय दडलंय

दर थोड्या दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी येते. कुठल्याशा प्रयोगशाळेत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तयार केले, त्यांत कर्करोगाचं औषध भरलं, कर्करोगाच्या पेशी मेल्या आणि ‘निरोगी पेशींना मात्र काहीही इजा झाली नाही’. शेवटची ओळ ठरलेली असते. त्याच दिवशी मोबाइलवर एखादा निरोपही फिरत असतो: वेफर्सच्या मसाल्यात आणि औषधाच्या गोळ्यांत चक्क वाळू घालतात, पाकिटावर ५५१ हा आकडा दिसला तर ओळखा!

दोन्हीकडे पदार्थ एकच आहे, सिलिका. एकजण म्हणतो तो जीव वाचवेल, दुसरा म्हणतो जीव घेईल. यातलं खरं कुठलं, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण प्रश्नच अर्धवट आहे. सिलिकाचं रूप कुठलं, कण केवढा, पृष्ठभाग कसला, शरीरात कुठल्या वाटेनं गेली, किती गेली आणि कुठल्या पेशीला भेटली, एवढं कळल्याशिवाय ‘सुरक्षित’ या शब्दाला काही अर्थ राहत नाही. बातमीतून नेमकं एवढंच गळालेलं असतं.

## सिलिका आहे तरी काय

सिलिकॉनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन, या हिशेबानं बनलेला पदार्थ म्हणजे सिलिका. वाळू, गारगोटी, काच ही तिची ओळखीची रूपं. पण ती फक्त दगडधोंड्यांत नसते. ऊस आणि भात ही पिकं जमिनीतून विरघळलेली सिलिका मुळांवाटे ओढून घेतात आणि पानांत साठवतात. उसाच्या फडात उघड्या हातांनी शिरलं की पात अंग कापते, त्यामागे पानाच्या कडेला साठलेली ही सिलिका असते. भंडारा-गोंदियाकडच्या भातगिरण्यांबाहेर तुसाचे ढीग लागतात; ते तूस जाळून उरणारी राख म्हणजे बहुतांशी सिलिकाच. नॅनो सिलिका बनवण्यासाठी आता या राखेवरही संशोधन चालतं.

सिलिकाचे दोन मुख्य प्रकार आहेत. अणू ठरावीक रांगेत, पुन्हा पुन्हा त्याच नक्षीत बसले असतील तर ती स्फटिकी सिलिका. क्वार्ट्‌झ हे तिचं नेहमीचं रूप. अणू तेच, पण नक्षी विस्कटलेली असेल तर ती अस्फटिकी सिलिका. बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी, टूथपेस्टमधली घासणारी पावडर, गोळ्यांतली आणि मसाल्यातली सिलिका ही सगळी अस्फटिकी. औषधासाठी प्रयोगशाळेत बनवतात ते नॅनो कणही जवळजवळ नेहमी अस्फटिकीच असतात.

हा फरक कागदावरचा नाही. २५ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात अस्फटिकी सिलिका शंभर मिलिग्रॅमच्या आसपास विरघळते, तर क्वार्ट्‌झ जेमतेम सहा ते दहा मिलिग्रॅम. विरघळलेल्या सिलिकाचं सिलिसिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणजे एक प्रकार शरीरातून हळूहळू निघून जाऊ शकतो आणि दुसरा वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेले पदार्थ. अस्फटिकी सिलिका मात्र तिसऱ्या गटात गेली, म्हणजे पुरेशा पुराव्याअभावी वर्गीकरण करता येत नाही असं ठरलं. हे प्रशस्तिपत्र नव्हे, इतकं ध्यानात असू द्यावं.

शिवाय एका प्रकारातून दुसऱ्यात जाता येतं. तूस बेताच्या आचेवर जाळलं तर राखेतली सिलिका अस्फटिकी राहते; भट्टी फार तापली तर तिच्यात क्रिस्टोबलाइट नावाचे स्फटिक तयार होऊ लागतात. एखादा कण कुठून आला, कसा बनला, हे म्हणूनच विचारावं लागतं.

## नॅनो झाल्यानं काय बदलतं

मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनो कण म्हणण्याची पद्धत आहे. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, यावरून अंदाज यावा.

गुळाची ढेप पाण्यात ठेवली तर ती बाहेरून हळूहळू झिजते. तीच किसून टाकली तर बघता बघता विरघळते. गूळ तेवढाच, पण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढलेला. सिलिकाचंही असंच होतं. एक ग्रॅम सिलिका एक मिलिमीटरच्या गोल दाण्यांत असेल तर सगळ्या दाण्यांचा मिळून पृष्ठभाग २७ चौरस सेंटीमीटर, म्हणजे तळहाताहून लहान. तेवढीच सिलिका १० नॅनोमीटरच्या कणांत वाटली तर पृष्ठभाग होतो सुमारे २७० चौरस मीटर, म्हणजे २९०० चौरस फूट. पेशीशी जो काही व्यवहार होतो तो पृष्ठभागावरच होतो. साध्या वाळूचा दाणा हातात धरून काही होत नाही, म्हणून तिचा नॅनो कणही निरुपद्रवी, असं गृहीत धरता येत नाही ते यामुळे.

त्या पृष्ठभागावर असतं काय? सिलिकॉनला चिकटलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. त्यांना सिलॅनॉल म्हणतात. त्या एकमेकींना धरून दाटीनं बसलेल्या असतात तेव्हा पेशीच्या आवरणाला फारसा त्रास देत नाहीत. काही जोड्या मात्र एकमेकींपासून अशा अंतरावर पडतात की धड सुट्या नाहीत आणि धड बांधलेल्याही नाहीत. इटलीतल्या तुरिन विद्यापीठाच्या गटानं २०२० मध्ये दाखवलं की सिलिकाच्या विषारीपणाची सुरुवात मुख्यतः या जवळपास सुट्या सिलॅनॉलपासून होते. कित्येक दशकं चाललेला वाद त्यामुळे बराच निवळला. स्फटिकी म्हणजे वाईट आणि अस्फटिकी म्हणजे बरी, हे ढोबळमानानं खरं असलं तरी खरी गोम पृष्ठभागात आहे.

अस्फटिकी सिलिकातही म्हणूनच दोन जाती पडतात. एक ज्वाळेत, अतिशय उच्च तापमानाला बनते. दुसरी अल्कोहोल आणि अमोनियाच्या द्रावणात, घरच्या तापमानाला. ही दुसरी कृती श्टोबर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली आणि प्रयोगशाळांमधले बहुतेक गोल, एकसारखे कण आजही तिच्याच कुठल्या तरी आवृत्तीनं बनतात. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात ज्वाळेतली सिलिका पेशींना अधिक त्रासदायक ठरली. रासायनिक सूत्र तेच, आकारही जवळपास तोच, तरी असा फरक पडला.

## पेशीच्या आत

बहुतेक पेशी असा कण आवरणात गुंडाळून आत ओढतात आणि लायसोसोम नावाच्या आम्लानं भरलेल्या पिशवीत टाकतात. लायसोसोम म्हणजे पेशीतलं पचन करणारं कोठार. जिवाणू वगैरे तिथे विरघळून जातात. क्वार्ट्‌झचा कण विरघळत नाही. त्याचा पृष्ठभाग पिशवीच्या भिंतीला इजा करतो, पिशवी फुटते आणि आतले पाचक रस पेशीतच सांडतात. त्यावर पेशी धोक्याची घंटा वाजवते आणि दाह सुरू होतो. ही साखळी २००८ मध्ये सविस्तर उलगडली गेली. फुप्फुसातल्या भक्षक पेशी, म्हणजे नको ते गिळून जागा साफ ठेवणाऱ्या पेशी, याच फेऱ्यात सापडतात. गिळायचं, मरायचं, कण पुन्हा मोकळा सोडायचा, मग तो दुसरीनं गिळायचा.

तांबड्या रक्तपेशीची गोष्ट वेगळी. ती काही गिळत नाही, तिला केंद्रकही नसतं. पण उघडा सिलिका कण तिच्या आवरणाला चिकटला तर आवरण फाटून हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. रक्तात टोचायच्या कोणत्याही कणाची पहिली परीक्षा म्हणूनच तांबड्या पेशींवर घेतात. आरपार छिद्रं असलेले कण या परीक्षेत भरीव कणांपेक्षा सहसा कमी नुकसान करतात, कारण त्यांच्या पृष्ठभागाचा मोठा हिस्सा छिद्रांच्या आत असतो आणि पेशीला तो लागतच नाही.

आता एक गुंतागुंत. शरीरात उघडा कण क्षणभरही उघडा राहत नाही. रक्तात शिरताच प्रथिनं त्याला चिकटतात आणि त्याच्याभोवती एक थर चढतो. पेशीला कण दिसतच नाही, दिसतो तो थर. २०१२ मध्ये एका गटानं तेच सिलिका कण फुप्फुसाच्या पेशींना दोन प्रकारे दिले, एकदा रक्तद्रव घातलेल्या द्रावणात आणि एकदा त्याशिवाय. रक्तद्रव नसताना कण पेशींना जास्त चिकटले, जास्त आत गेले आणि इजाही जास्त झाली. म्हणजे द्रावण बदललं की निकाल बदलला. ‘अमुक कण सुरक्षित’ असं छापताना तो कशात कालवला होता हे बातमीत कधी वाचल्याचं आठवतंय का?

## निरोगी पेशी, पण कुठल्या?

प्रयोगशाळेत ज्या पेशी वर्षानुवर्षं वाढवता येतात, त्यांतल्या पुष्कळ मुळात कर्करोगाच्याच आहेत. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या हीला पेशी सर्वांत प्रसिद्ध. फुप्फुसाचा नमुना म्हणून वापरतात त्या ए५४९ पेशी फुप्फुसाच्या कर्करोगातल्या, यकृतासाठीच्या हेपजी२ पेशी यकृताच्या गाठीतल्या, आतड्यासाठीच्या काको-२ मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या. त्या न मरता वाढत राहतात म्हणून सोयीच्या. पण ‘सिलिकाचे कण यकृताच्या पेशींना सुरक्षित’ असं वाचताना त्या पेशी तुमच्या-आमच्या यकृतासारख्या वागतात हे गृहीत धरलेलं असतं, आणि ते नेहमी खरं नसतं.

२००७ चा एक अभ्यास या बाबतीत मुद्दाम सांगण्यासारखा आहे. त्यात उघडे सिलिका कण त्वचेतल्या वगैरे साध्या, सावकाश वाढणाऱ्या पेशींना आणि भराभर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना दिले. जास्त मात्रेत अधिक नुकसान सोसलं ते सावकाश वाढणाऱ्या साध्या पेशींनी. बातमीतल्या ओळीच्या बरोबर उलट! २००९ मध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींवर निरनिराळ्या आकाराचे कण टाकून पाहिले, तेव्हा १५ नॅनोमीटरच्या आसपासचे लहान कण शंभर नॅनोमीटरच्या आणि त्याहून मोठ्या कणांपेक्षा कितीतरी कमी मात्रेत घातक ठरले. रक्तात टोचलेला कण सर्वांत आधी भेटतो तो याच अस्तराला आणि रक्तपेशींना. पुढे यकृत आणि प्लीहा यांतल्या भक्षक पेशी त्याला गाळून घेतात. निरोगी पेशींची चाचणी घ्यायची तर याच पेशींवर घ्यायला हवी. कुठल्या तरी एका सोयीच्या जातीवर घेऊन भागत नाही.

पेशी जिवंत आहे हे मोजतात कसं, तेही पाहू. एक पिवळा रंग पेशींना देतात. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या रंगात रूपांतर करतात. जितकं जांभळं, तितक्या जिवंत. स्वस्त आणि झटपट, म्हणून सगळीकडे वापरतात. २००९ मध्ये असं दिसलं की छिद्रं असलेले सिलिका कण पेशीतून हा जांभळा रंग बाहेर टाकण्याची क्रियाच बदलतात, त्यामुळे मोजणी फसते. एकाच चाचणीच्या जोरावर काढलेला निष्कर्ष मी तरी बाजूला ठेवतो, मग तो धोक्याचा असो की निर्धोकपणाचा.

आणि मात्रा. थाळीतल्या प्रयोगांत ‘१०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत सुरक्षित’ असे आकडे येतात. माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. तेवढं प्रमाण रक्तात आणायचं तर एका दमात अर्धा ग्रॅम सिलिका शिरेत जायला हवी. ही मोठी मात्रा आहे. त्यामुळे थाळीत दुप्पट मात्रेला पेशी मेल्या म्हणून घाबरण्याचं फारसं कारण नाही. पण थाळीतला प्रयोग एक, दोन, फार तर तीन दिवस चालतो. वारंवार घ्यायच्या औषधाबद्दल त्यातून फार कळत नाही.

## ‘पण कण तर थेट गाठीतच जातात ना?’

हा सर्वांत मोठा गैरसमज. टोरांटो विद्यापीठातल्या गटानं दहा वर्षांतले नॅनो कणांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून २०१६ मध्ये हिशेब मांडला. सिलिकाच नव्हे, सगळ्या प्रकारचे कण त्यात होते. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचणारा मध्यक हिस्सा निघाला ०.७ टक्के. शंभरातला एकही पूर्ण नाही. उरलेले नव्याण्णव जातात कुठे? यकृतात, प्लीहेत, मूत्रपिंडात. म्हणजे निरोगी पेशींतच.

हा आकडा आला तेव्हा क्षेत्रात बरीच खळबळ झाली, आणि व्हायलाच हवी होती. निरोगी पेशींचा प्रश्न बातमीच्या शेवटी एका ओळीत उरकण्याचा नाही, तो मुख्य प्रश्न आहे, हे त्यातून उघड झालं.

बरं, मग प्रयोगात कर्करोगाच्या पेशीच तेवढ्या मरतात त्या कशा? त्या सिलिकामुळे मरत नाहीत. सिलिका इथे हमाल आहे, मारेकरी आत भरलेलं औषध. १९९२ मध्ये मोबिल या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मधमाशीच्या पोळ्यासारखी एकसारखी छिद्रं असलेली सिलिका बनवली. २००१ मध्ये माद्रिदच्या गटानं त्या छिद्रांत आयबुप्रोफेन हे वेदनाशामक भरून दाखवलं आणि वाट खुली झाली. छिद्रांच्या तोंडाशी अशी झाकणं बसवता येतात की आम्लता वाढल्यावरच उघडतील. बाहेरून फॉलिक आम्लासारखे रेणू लावता येतात. काही कर्करोगी पेशींच्या पृष्ठभागावर फॉलिक आम्ल पकडणारे रेणू जास्त असतात, त्यामुळे कण तिथे अधिक अडकतो. निवड होते ती या झाकणांमुळे आणि बाहेर लावलेल्या रेणूंमुळे. ‘निरोगी पेशी सुरक्षित’ याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की तिथे झाकण उघडलं नाही. उघडं औषध दिल्यापेक्षा हे निश्चित बरं. पण रिकाम्या कणाचं पुढे काय झालं, हा प्रश्न तिथेच राहतो.

## प्राण्यांत आणि माणसांत काय दिसलं

उंदरांवरच्या प्रयोगांत वाट किती महत्त्वाची ते स्पष्ट दिसतं. २००८ च्या एका अभ्यासात छिद्रं असलेली सिलिका कातडीखाली टोचली तर उंदरांनी ती निभावली. तीच मोठ्या मात्रेत शिरेतून किंवा पोटाच्या पोकळीत दिली तर ते दगावले. २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी गाभण उंदरांना शिरेवाटे तीन आकारांचे कण दिले. ३०० आणि १००० नॅनोमीटरच्या कणांनी काही झालं नाही. ७० नॅनोमीटरचे कण वारेपर्यंत पोचले आणि गर्भांची वाढ खुंटली. याच प्रयोगाचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो: त्याच ७० नॅनोमीटरच्या कणांच्या पृष्ठभागावर वेगळे रासायनिक गट बसवले, तेव्हा तो परिणाम दिसला नाही.

माणसांपर्यंत पोचलेल्या कणांत कॉर्नेल डॉट्स सर्वांत जास्त अभ्यासलेले. कॉर्नेल विद्यापीठात बनलेले हे सिलिका कण ६-७ नॅनोमीटरचे, आत चमकणारा रंग आणि बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं वेष्टण असलेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचणीला परवानगी दिली आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पाच रुग्णांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. मात्रा अगदी थोडी होती, हेतू उपचाराचा नसून गाठ दिसावी एवढाच होता. विषारी परिणाम आढळला नाही आणि कण मुख्यतः लघवीवाटे निघून गेले. आकार मुद्दाम एवढा लहान ठेवण्याचं कारणच ते: आठेक नॅनोमीटरच्या पलीकडचा कण मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नाही. वर म्हटलं की लहान कण जास्त घातक, आणि इथे लहान म्हणून सुरक्षित! दोन्ही खरं आहे. उघडा लहान कण पेशीला जास्त भिडतो. वेष्टण घातलेला लहान कण शरीरातून लवकर जातो.

२०१९ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या सिलिका कणांनी प्रोस्टेटच्या गाठी तापवून नष्ट करण्याच्या चाचणीचे पहिल्या १६ रुग्णांचे निष्कर्ष आले, तेही आश्वासक. स्वीडनमध्ये पुरुषांना छिद्रं असलेली सिलिका दिवसाला ९ ग्रॅमपर्यंत तोंडावाटे काही आठवडे देऊन पाहिली. २०२० च्या अहवालाप्रमाणे ती सहन झाली. मात्र ते कण मायक्रोमीटरच्या (म्हणजे हजार नॅनोमीटरच्या) मापाचे होते, नॅनो होती ती छिद्रं. भारतात जैवतंत्रज्ञान विभागानं २०१९ मध्ये नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मूळ औषध मान्यताप्राप्त आहे म्हणून त्याचं नॅनो रूप आपोआप मान्य होत नाही. प्रत्येकाची तपासणी स्वतंत्र. सरकारी भाषेतल्या त्या दस्तऐवजात हा मुद्दा बऱ्याच बातम्यांपेक्षा नीट मांडलाय.

## मग पाकिटावरचं ५५१?

पावडरचे गोळे होऊ नयेत म्हणून मसाले, सूप पावडर, कॉफी व्हाइटनर यांत किंचित अस्फटिकी सिलिका घालतात. भारतात ती ५५१ या क्रमांकानं छापतात, युरोपात ई ५५१. गोळ्या बनवताना पावडर यंत्रात सरकावी म्हणूनही तीच. अमेरिकेत अन्नाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत परवानगी आहे. यातले मूळ कण नॅनो मापाचे असतात, पण बहुतांशी एकमेकांना चिकटून मोठे पुंजके झालेले असतात.

काळजीचं कारण अगदीच नव्हतं असं नाही. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या प्रयोगात उंदरांना ८४ दिवस भरपूर सिलिका खाऊ घातल्यावर एका गटाच्या यकृतात तंतू थोडे वाढलेले दिसले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये म्हटलं की विषारीपणाची चिन्हं नाहीत, पण माहिती अपुरी आहे. मग आणखी माहिती मागवली आणि २०२४ मध्ये निर्वाळा दिला: सध्याच्या वापरात, अगदी तान्ह्या मुलांसह सर्व वयोगटांसाठी, सुरक्षिततेची चिंता नाही.

‘या संस्था कंपन्यांच्याच बाजूनं बोलतात’ असं कुणी म्हणेल. याच प्राधिकरणानं २०२१ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड या दुसऱ्या पांढऱ्या पावडरीला सुरक्षित म्हणायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी युरोपनं ती अन्नातून काढून टाकली. तेव्हा कंपन्यांचं ऐकलं नव्हतं. पोटातून शोषली जाणारी सिलिका फार थोडी. जी विरघळते ती भाकरी-भाज्यांतून येणाऱ्या सिलिसिक आम्लातच मिसळते. वेफर्सच्या पाकिटात काळजी करण्यासारखं बरंच काही असतं, मीठ आणि तेल पहिल्यांदा. ५५१ माझ्या यादीत फार खाली आहे.

सौंदर्यप्रसाधनांचं तितक्या ठामपणे सांगता येत नाही. युरोपच्या शास्त्रीय समितीनं २०१५ मध्ये नॅनो सिलिकाबद्दल माहिती अपुरी असल्यानं कुठलाच निष्कर्ष काढला नव्हता. न खरचटलेल्या, धड कातडीवर लावण्याच्या क्रीमबद्दल मला चिंता वाटत नाही. हवेत उडणारी पावडर किंवा फवारा मात्र नाकाजवळ नको.

## धूळ

सिलिकानं माणसं मारली आहेत ती नॅनो औषधातून नव्हे की मसाल्यातून नव्हे, श्वासातून. मध्य प्रदेशातल्या मंदसौरचे पाटीवरची पेन्सिल बनवणारे कामगार, गुजरातेत खंबायतला अकीक घासणारे कारागीर, खाणी आणि दगड दळण्याचे कारखाने, यांतल्या कित्येकांची फुप्फुसं सिलिकोसिसनं दगडासारखी कडक झाली. हा रोग बरा होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात तो सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता, तरी क्षयरोग म्हणून त्याची नोंद होण्याचे प्रकार घडतच राहिले. घातक असतात ते चार-पाच मायक्रोमीटरपेक्षा बारीक क्वार्ट्‌झचे कण. तुटल्यावर लगेच, पृष्ठभाग ताजा असताना ते जास्त त्रास देतात.

नॅनो सिलिका हाताळणाऱ्यांचा प्रश्न इथेच येऊन भिडतो. उंच इमारतींच्या काँक्रीटमध्ये मायक्रोसिलिका घालतात, तिचे कण शंभर-दीडशे नॅनोमीटरचे. ते अस्फटिकी असतात म्हणून क्वार्ट्‌झइतके वाईट नाहीत, पण पिशवी फोडताना उठणारा करडा ढग कामगाराच्या फुप्फुसात खोलवर जातो, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालातून असे कण सहज पार होतात. तिथे नीट बसणारा एन९५ मास्क लागतो, किंवा पाण्यात कालवलेल्या रूपातली मायक्रोसिलिका.

शहरी घरांशी याचा सर्वांत जवळचा संबंध ओट्याच्या निमित्तानं येतो. क्वार्ट्‌झ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड नव्वद टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त स्फटिकी सिलिकाचा असतो. तो कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस झाल्याचं दिसल्यावर ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून तो बनवणं, कापणं, बसवणं सगळंच बंद केलं. बसवलेला ओटा वापरण्यात काही धोका नाही. धोका आहे तो जागेवर ग्राइंडर लावून सिंकसाठी भोक पाडताना. शक्य असेल तर कापणी दुकानातच, पाण्याच्या धारेखाली करून आणायला सांगावं. घरीच करायची वेळ आली तर पात्यावर पाणी सोडायला एक माणूस ठेवावा, कापणाऱ्याला मास्क द्यावा, आणि नंतर ती पांढरी भुकटी झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं पुसावी.